तीस नंबरची वायर

नंद्या, तुझा फ्रीज अजून चालू आहे.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे जेवून गेले, पत्रावळी उचलल्या, मांडवाची दोरी सुटली आणि घरामागे उभ्या असलेल्या तुझ्या गाडीत तो फ्रीज आपला गुरगुरतोच आहे. टपावरच्या सोलर पॅनेलवर रोज ऊन पडतं, बॅटऱ्या रोज भरतात, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा रोज चालू. आत अर्धं लिंबू आहे आणि दह्याचा डबा. मालक गेला याचा त्याला पत्ताच नाही. एवढं चोख काम केलं तुझ्या बहिणीनं. कर आता कौतुक!

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलू देत त्यांना. तेरा दिवस मी लोकांचं ऐकून घेतलं. एक म्हणाला, काळ आला होता. दुसरी म्हणाली, आवडीचं काम करता करता गेला हो, नशीबवान. कसलं नशीबवान? अंगात ताप घेऊन धरणाच्या काठावर गाडीत एकट्यानं पडून राहणं, ही कुणाची आवड असते? मी गप्प बसले, कारण आई समोर होती. पण तुझ्याशी मी कशाला गप्प बसू? तुझ्याशी मी कधी गप्प बसलेय?

माझं डोकं फिरलंय, नंद्या. तुझ्यावर फिरलंय. आणि एक गोष्ट कळल्याशिवाय ते ताळ्यावर यायचं नाही. तू ती तीस नंबरची वायर कापली होतीस की नव्हतीस?

तीन वर्षांपूर्वी तू पावण्याच्या एमआयडीसीत आमच्या वर्कशॉपच्या गेटवर आलास. जेवणाची सुट्टी होती, माझा डबा अर्धा झालेला. एका कंपनीची स्टाफ ने-आण करणारी जुनी मिनीबस तू उचलली होतीस, आणि तोंडभर हसत म्हणालास, "ताई, मला हिच्यात घरासारखे सॉकेट पाहिजेत."

मी म्हटलं, "कशाला? घरातले सॉकेट कमी पडले?"

"घरात तुम्ही पण असता ना."

हे तुझं उत्तर. धंदा तुझा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. म्हणे मोठा कॉम्प्युटर, मोठी स्क्रीन, पंखा, फ्रीज, मिक्सर, सगळं गाडीत पाहिजे, आणि तेही कुठे वायरचा खांबसुद्धा नाही अशा जागी. "डोंगरात बसून लोकांची लग्नं कापणार," असं तू सगळ्यांना सांगत सुटलास. आई कपाळाला हात लावून बसली. "घरान लाइट हाय, पंखा हाय, मंग त्या गाडीन कला मरायला जातंस?" म्हणाली. कशाला मरायला जातोस, ही तिची नुसती बोलायची पद्धत. आता ते वाक्य आठवून ती स्वतःच्या तोंडात मारून घेते, हे तुला माहीत असू दे.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? पंचवीस वर्षं मी कंट्रोल पॅनेल भरतेय. कपाटाएवढे पॅनेल, आत हजार वायरी, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर. पॅनेल तयार झालं की ट्रकात चढतं आणि जातं कुठल्या तरी कारखान्यात. माझ्या हातचं काम चालताना मी कधी पाहिलेलं नव्हतं. तुझी गाडी ही पहिली वस्तू, जिच्यात मी वायरिंग केलं आणि मग तिच्यातच बसून चहा प्यायले.

सहा महिने रविवार घातले तुझ्यासाठी. आणि प्रत्येक रविवारी भांडलो. तू मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून यायचास आणि मला शिकवायचास. मला! बॉडीला अर्थिंग नीट जोडल्याशिवाय मी एकही सॉकेट चालू करणार नाही म्हटलं, तर तुझं "चालतंय गं." पाणी उकळायची विजेची किटली लावायची नाही म्हटलं, इन्व्हर्टर झेपणार नाही, तर तू दुसऱ्याच दिवशी किटली लावलीस आणि सगळं ठप्प झाल्यावर मला फोन केलास, "ताई, तुझं काहीतरी चुकलंय." माझं चुकलंय! मेल्या, अशी शिवी मी तेव्हा फोनवरच घातली होती. तो शब्द किती वेळा वापरला असेल मी तुझ्यासाठी, तू पाळण्यात होतास तेव्हापासून. परवा शेजारचा पोरगा खिडकीत बॉल मारून पळाला आणि तोंडातून तोच शब्द निघायला लागला, तर अर्ध्यातच तोडला.

पहिल्यांदा इन्व्हर्टर चालू केला तो दिवस आठवतो? तू मिक्सर लावलास, आईकडून खोबरं आणि मिरच्या आणून चटणी वाटलीस. मिक्सरच्या आवाजानं गल्लीतली पोरंबाळं गोळा झाली. तू चमचा माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "खा. तुझ्या विजेची चटणी आहे." चटणीत मीठ नव्हतं. मी तरी दोनदा मागून खाल्ली. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर चढून बसला असतास.

पण मी तुझी बहीण आहे, मला तुझी जात ठाऊक. तू एकदा गेलास की तुला घर आठवत नाही. म्हणून मी तुला फसवलं. होय, फसवलंच. मोठी बॅटरी बसेल एवढी जागा सीटखाली होती, मी म्हटलं एकच मावते. इंजिनावरून बॅटरी चार्ज करायची सोय करता आली असती, मी म्हटलं नको, धोका असतो. धोका नव्हता, मला येत होतं ते. मी हिशोबानंच असं केलं की तू तुझा कॉम्प्युटर चालवलास की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरलीच पाहिजे. आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आली की वाजेल असा बझर लावला. आमच्या वर्कशॉपमधला, मशीन बंद पडल्यावर बोंबलतो तो. त्याच्या वायरीला नंबर दिला तीस. तुला सांगितलं, "हा वाजला की समज, ताई हाक मारतेय. गाडी वळव आणि घरी ये."

तू म्हणालास, "तू ताई नाहीस, सायरन आहेस."

पण तू यायचास. शिव्या देत, पाय आपटत, पण तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी घरामागे लागायची. आई ताट वाढायची. तू जेवता जेवता म्हणायचास, "क्लायमॅक्स कापत होतो, नवरी रडायला लागली आणि तुझा बझर वाजला. ताई, ही तीस नंबरची वायर मी एक दिवस कापून टाकणार बघ."

मी म्हणायचे, "काप. मग ताई मेली समज."

दोन वर्षं हे असं चाललं. आपलं भांडण म्हणजे तरी काय होतं, सांग? तुला कुठेही जायचं होतं आणि मला तू परत यायला हवा होतास. एवढंच. बाकी सगळं आपण त्या बझरवर घातलं.

मग ही भाऊबीज. मी पाट मांडला, तुला ओवाळलं, तबकात ओवाळणी पडायची वाट बघत बसले. तू काहीच टाकेनास. उलट खिशातून मोजायची टेप काढलीस आणि ती तबकात ठेवलीस! "सीटखालची जागा मोजली," म्हणालास. "अजून एक बॅटरी आरामात मावते. पंचवीस वर्षांची कारागीर, आणि तुला एवढं दिसलं नाही होय?" मी पकडली गेले. आई हसायला लागली. मग तू मान तिरकी केलीस, लहानपणी करायचास तशी, आणि म्हणालास, "ताई, दरवर्षी मी घालतो. या वर्षी ओवाळणी तू घाल. दुसरी बॅटरी दे. एकदा तरी मनासारखं राहून येतो, मग तू सांगशील ते."

आणि मी विरघळले. मी मूर्ख! भाऊबीजेच्या दिवशी भावानं मागितलं, आता नाही कसं म्हणायचं, एवढाच विचार केला. दुसऱ्या रविवारी माझ्या हातानं बसवली. जोडण्या दोन-दोनदा आवळून बघितल्या. तुझा आनंद बघून मला पण बरं वाटलं, हे पण लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

तुळशीच्या लग्नानंतर तू गाडी घेऊन धरणाकडे गेलास. सीझन सुरू व्हायच्या आधी एक मोठं लग्न कापून संपवायचं होतं तुला. फोन लागणार नाही म्हणाला होतास. दोन दिवस झाले, तीन झाले. चौथ्या दिवशी आईनं विचारलं, "नाय आला?" मी म्हटलं, "आता नाही यायचा, दोन बॅटऱ्या आहेत त्याच्याकडे." वर हसले. आकाश निरभ्र, ऊन कडक, मी वर्कशॉपमधून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, नंद्याचं काम जोरात असणार.

सातव्या दिवशी अनोळखी नंबर आला. धरणावर तुला दूध घालणारे मामा. कपाटाच्या दाराआत मी चिकटवलेला कागद त्यांना दिसला होता, "काही झालं तर ताई" आणि खाली नंबर. "ताई, तुमचा भाऊ लई तापलाय बघा," म्हणाले. "चार दिस पडून हाय. म्या रोज म्हनत होतो, चला डाक्टरकडं, तर म्हनायचं, बरं वाटंल उद्या. आज उठंना, म्हून जीपमधी घातला."

चार दिवस! नंद्या, चार दिवस! तिथून डॉक्टर तासाभरावर होता. गाडीत डिझेल होतं. पंखा चालू होता, थंड पाणी होतं, दिवा होता. कशाचीच कमी नव्हती ना तुला? म्हणून पडून राहिलास. अंधार झाला असता, पंखा थांबला असता, पाणी कोमट झालं असतं, तर चडफडत का होईना, उठला असतास. कुठलाही माणूस उठतो. तू सगळी सोय मागितलीस आणि मी सगळी सोय दिली.

डेंग्यू निघाला. पेशी उतरलेल्या. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तू शुद्धीत होतास, ओठ फुटलेले, डोळे लाल. मी तुझ्यावर ओरडणार होते, वाटेत सगळं ठरवून आले होते, काय काय बोलायचं ते. आणि तू माझ्याकडे बघून हसलास. म्हणालास, "ताई, बझर वाजलाच नाही गं. तू हाकच मारली नाहीस."

मस्करी केलीस तू. मला ठाऊक आहे मस्करीच होती. तुला दुसरं काही येतच नव्हतं. पण त्यानंतर तू नीट बोललाच नाहीस, दोन दिवसांत संपलास, आणि मला हे वाक्य देऊन गेलास. असं कुणी करतं? जाताना बहिणीला काय द्यायचं असतं, याची काही अक्कल? "येतो" म्हणायचं होतंस. किटलीवरून भांडायचं होतंस. काहीही चाललं असतं.

तेव्हापासून एकच डोक्यात. तू वायर कापली असशील. कापली असलीस तर फार बरं, नंद्या. मग दोष तुझा. मग मी आयुष्यभर तुला शिव्या घालत मजेत जगेन. माझी हाक तूच बंद केलीस, म्हणून ऐकू आली नाही, असं सगळ्यांना सांगेन. आणि कापली नसलीस, तर मग बॅटरी तीसवर गेलीच नाही, माझ्या ओवाळणीनं ती जाऊ दिली नाही.

तुझ्या मित्रांनी गाडी आणून लावली त्याला बारा दिवस झाले, मी आत पाऊल टाकलं नव्हतं. आज सकाळी गेले. वायरिंगच्या पॅनेलचं झाकण उघडून बघायचं होतं, स्क्रूड्रायव्हर हातात होता. पण उघडलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी बघून काही पास होत नाही, चालवून बघितल्यावरच पास होतं. वायर दिसायला धड असते आणि आतून तुटलेली असते. म्हणून मी टपावरच्या सोलरचा स्विच पाडला, आणि आतलं सगळं चालू केलं. पंखा, दिवे, कॉम्प्युटर. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या, त्या उतरायला हव्यात. मग घरातून जुनी इस्त्री आणली, किटलीच्या निम्मी वीज खाणारी, इन्व्हर्टरला झेपेल अशी.

इस्त्री बघून आई मागोमाग आली. हातात तुझे कपडे. "कुनाला द्याचे तं धड द्यावं," म्हणाली, आणि तुझ्याच टेबलावर चादर घालून तुझ्या शर्टांना इस्त्री करायला बसली. मी तिला अडवलं नाही. कॉम्प्युटरवर तू अर्धं ठेवलेलं लग्न सुरू झालं. कोण कुठली ती माणसं, हसतायत, अक्षता टाकतायत. नवरीच्या भावानं तिच्या पायाशी काहीतरी केलं, ती रडायला लागली, आणि तिथून पुढे नुसतं काळं. तिथवरच कापलं होतंस तू. मी परत पहिल्यापासून लावलं. परत काळं.

तिसऱ्या शर्टाला मी आईला सांगितलं. जागा होती, मी खोटं बोलले होते. दुसरी बॅटरी मी दिली. एकच असती तर तिसऱ्या दिवशी तो घरी असता, आणि ताप घरात आला असता.

आईनं इस्त्री उभी केली. मग म्हणाली, "भाऊबीजेला मागल्यावं नाय कोन बोलतं?"

मी चिडले. तिच्यावर चिडले. म्हटलं, "मी नाही म्हणायला हवं होतं! तुम्ही सगळे माझी समजूत घालू नका. मी बोलायला हवं होतं!" केवढ्यानं ओरडले मी. तिनं पुढचा शर्ट घेतला. तो निळा, कोपरावर डिंकाचा डाग पडलेला. डाग जात नव्हता तरी ती त्याच्यावरून इस्त्री फिरवत राहिली.

मीटरवर आकडा उतरत होता. साठ. पन्नास. चाळीसला मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी देवाचं फार करत नाही, पण मनात म्हटलं, वाजू नकोस. कापलेला अस. नंद्या, एवढं कर, एकदा तरी माझं ऐकलेलं नसू दे, तू बोललास ते केलेलं असू दे. चौतीस. तेहतीस. आईचा शेवटचा शर्ट इस्त्री करून झाला. एकतीस.

आणि वाजला.

काय वाजला, नंद्या! मीच लावलेला, मीच दचकले. गल्लीतली माणसं बाहेर आली, कुणाच्या तरी घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. धड होती वायर. दोन वर्षं माझ्या नावानं बोंबललास, कापीन कापीन म्हणालास, आणि हात लावला नव्हतास. माझी हाक तुला हवी होती ना रे? मग तसं तोंडानं बोलायला काय झालं होतं तुला? गधड्या, एकदा तरी बोलला असतास, तर मी तुला ती बॅटरी दिली असती का? तुझ्या सीटवर बसून त्या आवाजात मी तुला काय काय बोलले, ते कुणाला ऐकू गेलं नाही. तुला गेलं असलं तर ते सगळं माझं खरं आहे. शिव्या पण, आणि शिव्या संपल्यावर जे बोलले ते पण.

बझर बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी दाबलं नाही. बारा दिवस वाट बघत होते, वाजू दे म्हटलं. कुणीतरी यायला हवं ना आता? हाक मारली की यायचं ठरलं होतं आपलं.

आईनं शर्ट घडी करून छातीशी धरले. फ्रीज उघडला, दह्याचा डबा काढून घेतला. मग माझ्या दंडाला धरलं, त्या बोंबेतसुद्धा तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

"वाजला गो बाय. तो नाय येत. आता तू तरी घरा चल."